वाळलं की चिकटतं म्हणे!

कचेरीतली डिंकाची बाटली कुणी कधी धूत नाही. तोंडाशी थरावर थर चढत जातो आणि एक दिवस बघावं तर आत डिंक कमी, तोंडाशीच जास्त! किस्स्यांचंही तसंच होतं. मुद्दाम कुणी साठवत नाही. पण चार माणसं बसली, एक किस्सा निघाला, की त्याला धरून दुसरा येतो, दुसऱ्याला धरून तिसरा.

माझ्याजवळचे बहुतेक किस्से तर खरोखरच चिकटवण्याचे आहेत. किंवा न चिकटण्याचे. नक्की कशाचे, ते मला अजून कळलेलं नाही.

साठ सालानंतरची पाच-सहा वर्षं असतील. निजामी गेली, हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य आलं आणि गेलं, आणि आम्ही महाराष्ट्रात आलो. आपण कुठल्या राज्यात आहोत याबद्दल कचेरीतल्या छापील फॉर्मांचं मात्र अजून एकमत झालेलं नव्हतं! मी उमरग्याला तालुका कचेरीत आवक-जावक कारकून होतो. संध्याकाळी कचेरी सुटली की डॉक्टर बिराजदारांच्या दवाखान्यामागच्या खोलीत आमचा टेबल टेनिसचा क्लब भरायचा. क्लब म्हणजे चौघं. एक डॉक्टर. दुसरे जोशी मास्तर, हायस्कूलात सायन्स शिकवायचे. तिसरे एस.टी. स्टँडवरचे कंट्रोलर शिंदे. आणि चौथा मी, ज्याला सगळे अण्णा म्हणायचे.

खेळणारा खरा एकच, शिंदे. बाकी आम्ही तिघं बॉल शोधण्यात पटाईत!

बॅटवरचं दाणेदार रबर झिजलं की नवं उमरग्यात मिळायची सोय नव्हती. डॉक्टरांचा मेहुणा हैदराबादहून रबराची पानं पाठवायचा. पानं आली. आता ती लाकडावर चिकटवायची कुणी? तिघांनीही माझ्याकडे बघितलं. दिवसाला पन्नास लखोटे बंद करणारा माणूस घरचाच असताना बाहेर कशाला जायचं?

मलाही ते पटलं. इथंच सगळी गडबड झाली.

*

कचेरीचा डिंक मी सढळ हातानं, कडेनं वर येईस्तवर लावला. लावला, दाबला आणि दाब राहावा म्हणून आवक रजिस्टर वर ठेवून घरी गेलो. आमच्या धंद्यात हीच रीत. लाव, दाब, वजन ठेव, विसर.

सकाळी रजिस्टर उचललं तर खाली बॅट कोरीकरकरीत! रबर कुठं म्हणून टेबलाखाली बघितलं, कपाटात बघितलं, शिपायाला विचारलं. तेवढ्यात तहसीलदारसाहेबांनी रजिस्टर मागवलं आणि ते हातात घेऊन जाताना माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. रबर रजिस्टरच्या पुठ्ठ्याला चिकटलं होतं. असं चिकटलं होतं की जणू छापखान्यातूनच तसं आलंय!

साहेबांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मी घामाघूम. त्यांनी आत दोन सह्या केल्या, परत एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "जावक रजिस्टरलाही असंच लावून घ्या. हातातून निसटत नाही."

*

"डिंक हा वनस्पतिजन्य पदार्थ," जोशी मास्तर म्हणाले, "आणि रबरही वनस्पतिजन्य. एकमेकांची ओळख असल्यामुळे ते चिकटत नाहीत." हे सायन्स होतं की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. पण मास्तर ठामपणे बोलले की आम्ही मान डोलवायचो.

मास्तरांनी घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. पतंगाला लावतात तसली, पण घट्ट. तिच्यानं रबर चिकटलं! चार दिवस आम्ही खेळलो. शिंदेंनी मास्तरांना चहा पाजला. पाचव्या दिवशी खोली उघडली तर टेबलावर बॅट एकीकडे, रबर एकीकडे. दोन्ही स्वच्छ. खळीचा कण नाही. कडेला उंदराच्या चार लेंड्या.

रबराला दात म्हणून लागलेला नव्हता. खालची खळ तेवढी चाटून पुसून खाल्लेली.

शिंदे कितीतरी वेळ ते रबर उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, लावायचं काम तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. काढायला मात्र ह्यो उंदीरच ठिवा. आपल्यापैकी कुणाला एवढं बेस जमायचं न्हाय!"

*

शिंदेंच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दर वर्षी दिवाळीनंतर उस्मानाबादच्या क्लबाबरोबर आमची मॅच व्हायची. त्यांचे सदाशिवराव वकील जिल्ह्यात कुणाला हरत नसत. शिंदेंना त्यांनी ओळीनं चार वर्षं हरवलं होतं, आणि तेही गोड बोलून. मॅच झाली की शिंदेंचा हात हातात घेऊन म्हणायचे, "थोडक्यात गेलं हो तुमचं!" एकवीस-नऊनं हरलेल्या माणसाला हे ऐकवल्यावर काय वाटत असेल? शिंदे स्टँडवर जाऊन मुकाट्यानं गाड्या सोडायचे. गाड्या सोडण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाचची गाडी म्हणजे पाचला सुटणार. एकदा खुद्द सासरे पानाच्या टपरीवर चुना मागत उभे होते आणि ह्यांनी घंटी मारली. बायको आठ दिवस बोलत नव्हती.

"एकदा," शिंदे म्हणायचे, "फकस्त एकदा त्या वकिलाला हरवायचं बघा, अण्णा. मग बदली हुईना का कुठंबी."

माझ्या जिवाला हे लागून राहिलं होतं. कारण त्या चारांपैकी दोन मॅचमध्ये त्यांचं रबर ऐन वेळी सुटलं होतं, आणि लावलेलं मी होतं.

*

हायवेवर महेबूबभाईचं पंक्चरचं दुकान होतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांची चाकं त्याच्या हाताखालून जायची. शेवटी मी गुमान त्याच्याकडे गेलो. त्यानं सोल्युशनची ट्यूब दिली आणि सांगितलं, "साब, दोनों को लगाव. फिर सुकने देव. सुक्या तो चिपकाव."

मी म्हटलं, "सुकल्यावर?"

"हौ. गीला चिपकता नै."

आता मला सांगा, सतरा वर्षं डिंक लावणाऱ्या माणसानं हे ऐकून घ्यायचं? पोस्टाचं तिकीटसुद्धा ओलं करून लावतात! वाळलं की सुटतं, ओलं असलं की चिकटतं, हे माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. हा पंक्चरवाला मला उलटं शिकवत होता. मी हसून ट्यूब घेतली आणि घरच्या रीतीनं लाव-दाब-वजन केलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॅकहँड मारला आणि रबर दोन बोटं खाली सरकलं. आणखी एक मारला, ते मुठीपर्यंत आलं. डॉक्टर म्हणाले, "अय्यो! अण्णा, हे उतरत चाललंय की हो!"

शिंदेंच्या बॅटची तऱ्हा वेगळी. तिचं रबर जागचं हललं नव्हतं, पण मधे कुठं तरी हवा अडकली होती. बॉल तिथं लागला की 'टक्' च्या ऐवजी 'फस्' व्हायचं आणि बॉल तिथल्या तिथं मरायचा. फुगवटा डोळ्यांना दिसेना. डॉक्टर बॅट घेऊन दवाखान्यात गेले. पेशंटला झोपवतात त्या टेबलावर बॅट ठेवली, बोटांनी ठोकून बघितली, मग नळी कानाला लावून इकडं-तिकडं ऐकत बसले. "इथं आहे," म्हणाले आणि कंपाउंडरला सुई मागितली.

बाकावर गुंजोटीचे एक म्हातारे शेतकरी खोकल्याचं औषध न्यायला आले होते. डॉक्टरांचा गंभीर चेहरा बघून त्यांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. डॉक्टरांनी सुई खुपसली, हवा ओढली, रबरावर कापूस दाबला.

म्हाताऱ्यांनी दबक्या आवाजात मला विचारलं, "वाचंल न्हवं?"

*

मी हरलो. महेबूबभाईचं ऐकायचं ठरवलं. दोन बॅटांची दोन पानं घेतली, दोन्हींना पाठीमागून सोल्युशन लावलं आणि वाळायला ठेवली. खिडकीतून वारं येत होतं. कागद उडू नयेत म्हणून आपण काय करतो? एकावर एक नीट रचून वर वजन ठेवतो. मीही तेच केलं. सोल्युशनकडं सोल्युशन, वर पेपरवेट.

पंधरा मिनिटांनी बघतो तर दोन पानांचं एक पान! दोन्ही बाजूंनी दाणे, मधे काही नाही. चौघांनी चार बाजूंनी ओढलं. ढिम्म. मी ते तसंच महेबूबभाईकडं नेऊन दाखवलं आणि विचारलं, हे काय झालं? त्यानं ते वाकवून बघितलं, ओढून बघितलं आणि अगदी समाधानानं म्हणाला, "सुक्या ना? चिपक्या ना? मैं बोल्या था!"

सोडवायचं कसं, हे मात्र त्यालाही सांगता आलं नाही. "चिपकाने का काम मेरा. निकालने कू कोई आताच नै."

मग मास्तर पुढं सरसावले. त्यांनी ते जोडपान रात्रभर घासलेटात बुडवलं. सकाळी दोन्ही पानं सुटून वर आली होती, आणि मोठी झाली होती! हसू नका, चांगली बोटभर मोठी. बॅटच्या चहूकडून बाहेर यायला लागली. मास्तर म्हणाले, "प्रसरण पावलंय. कापून घेऊ." कात्रीनं बॅटबरोबर मापात कापलं. सुरेख बसलं. म्हटलं, उन्हात जरा घासलेटाचा वास जाऊ द्यावा, मग सोल्युशन लावू.

दुपारी बघितलं तर वास गेला होता आणि त्याबरोबर रबरही आटलं होतं. धाकट्या भावाचं झबलं थोरल्याला घालावं तसं ते बॅटच्या मधोमध बसलं, चहूकडून लाकूड उघडं.

मास्तरांनी वहीत लिहून ठेवलं. काय लिहिलं ते मी चोरून वाचलं होतं. 'वाढले म्हणून कापले. कापले म्हणून आटले?' पुढं मोठं प्रश्नचिन्ह. पुढचं पान कोरं.

*

काढताना होणारे हाल तर वेगळेच. शिंदे जुनं रबर ओढून काढायचे आणि दर वेळी त्याच्याबरोबर लाकडाचा एक पापुद्रा निघून यायचा. जे चिकटावं ते चिकटत नव्हतं आणि सुटावं ते सुटत नव्हतं! पाचपदरी बॅट दोन वर्षांत तीनपदरी झाली. मी म्हटलं, "शिंदे, नवी बॅट घ्या."

"नको," ते म्हणाले. "ही माझी सवयीची हाय."

"अहो, अजून दोनदा रबर बदललंत तर नुसती मूठ राहील!"

शिंदेंनी मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मूठ सवयीची असली म्हंजे झालं."

*

पाचव्या वर्षी दिवाळीच्या आधीच शिंदेंच्या हाती कागद पडला. भूमला बदली. मॅचच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. ते क्लबात आले, कागद टेबलावर ठेवला आणि बॅट माझ्या हातात दिली. "अण्णा, तुमच्याच हातानं लावा. आता परत काय गाठ पडायची न्हाय वकिलाची."

या वेळी मी सगळं महेबूबभाईच्या सांगण्याप्रमाणे केलं. दोन्हीकडं लावलं. वेगवेगळं ठेवलं. वजन नाही, काही नाही. खुर्ची टाकून समोर बसून राहिलो, आणि वाळल्यावर लावलं. कसं चिकटलं म्हणून सांगू! नखानं कड उचलेना.

मॅच यंदा उमरग्यातच, हायस्कूलच्या हॉलमध्ये. अंपायर म्हणून आमच्या महसूल खात्यातले जुने गिरदावरसाहेब. निजामाच्या वेळेपासून जमिनीची भांडणं सोडवून सोडवून त्यांचा चेहरा असा झाला होता की निकाल लागेपर्यंत कुणाला काही कळू नये. पहिला गेम वकिलांनी घेतला. दुसरा शिंदेंनी! हॉलमध्ये शिट्ट्या. तिसरा गेम घासत घासत चालला आणि शिंदे वीस, वकील एकोणीस झाले. एक पॉइंट! डॉक्टरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर त्यांनीच त्याला मलम दिलं.

आणि शिंदेंनी बॅट खाली घेतली. रबराची कड सुटून लोंबत होती.

का सुटली? मला विचारू नका. मी वाळवलं होतं. देवाशपथ वाळवलं होतं!

वकील नेहमीसारखे गोड हसले. "नीट लावून घ्या हो. मागनं कुणी बोलायला नको. किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "दहा-पंधरा मिनिटं. वाळावं लागतं."

"वाळावं लागतं?" वकिलांनी घड्याळ बघितलं. त्यांची तुळजापूरवरून उस्मानाबादला जाणारी गाडी पाचची. शेवटची. सकाळी कोर्टात हजर राहायचं होतं. आणि पाचला पाच कमी होते.

दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. "शिंदेसाहेब, गाडी भरलीया. सोडू?"

गाडी सुटली तर वकील जाणार, मॅच अर्धी राहणार आणि शिंदे उद्या भूमला. त्यांनी ड्रायव्हरकडं बघितलं, वकिलांकडं बघितलं. सासऱ्यांना सोडून गाडी काढणारा माणूस तो! कपाळावरचा घाम पुसून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "थांबव."

ड्रायव्हरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय थांबवू?"

"गाडी. रबर वाळूस्तवर."

मी सोल्युशन लावलं आणि बॅट टेबलावर उघडी ठेवली. सगळा हॉल तिच्याकडे बघत बसला. थोड्या वेळानं गाडीतले पॅसेंजर आत यायला लागले. आधी कंडक्टर, मग दोन व्यापारी, मग लेकुरवाळ्या बाया, टोपलीत कोंबडी घेतलेल्या नळदुर्गच्या एक आजीबाई. गाडी कशासाठी थांबलीय हे ज्याला त्याला बघायचं होतं. आणि बघितल्यावर ज्याला त्याला एकच प्रश्न पडायचा, "वाळलं का?" विचारून थांबले असते तर ठीक, पण प्रत्येकजण बोट लावून बघायचा! मी ओरडतोय, "हात लावू नका, हात लावू नका!" तोवर पुढचं बोट. वकिलांनीसुद्धा एकदा लावलं. आपलं बोट धोतराला पुसत म्हणाले, "अजून जरा ओलं वाटतंय."

महेबूबभाई मागं उभा राहून डोक्याला हात लावत होता.

वीस मिनिटांनी मी रबर दाबलं. शिंदेंनी बॅट उचलली. गिरदावरसाहेब म्हणाले, "वीस-एकोणीस. चालू."

शिंदेंची सर्व्हिस. वकिलांनी हलकेच परत दिली. बॉल उंच आला. शिंदेंनी चार वर्षांचा सगळा राग एकवटून स्मॅश मारला आणि रबर बॅट सोडून निघालं! नेटवरून बॉल एकीकडं गेला, रबर दुसरीकडं. वकिलांची नजर मोठी चपळ. त्यांनी काय करावं? झेप घेतली आणि अचूक, अगदी देखणा फोरहँड मारून रबर परत पाठवलं! ते डॉक्टरांच्या छातीवर येऊन बसलं. बॉल टेबलावर टप्पा घेऊन वकिलांच्या पायाशी घरंगळत राहिला.

गिरदावरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वकीलसाहेब, आपण मारलं ते रबर. बॉल खाली आहे. पॉइंट शिंदे. मॅच शिंदे."

मी उडीच मारणार होतो. पण शिंदेंनी हात वर केला. उघड्या लाकडाची ती बॅट छातीशी धरून ते उभे होते, आणि डोळे पाण्यानं भरले होते. म्हणाले, "न्हाय साहेब. असं जिंकायचं न्हवतं मला. त्यो पॉइंट पुन्यांदा खेळू."

वकिलांनी बॉल उचलला. शिंदेंकडं बघितलं. पहिल्यांदाच ते हसले नाहीत. मग माझ्याकडं वळून विचारलं, "अण्णा, परत वाळायला किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "वीस मिनिटं."

कोंबडीची टोपली डोक्यावर घेऊन आजीबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"जिंकलाय त्यो!" त्या ओरडल्या. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय! चल रं ड्रायव्हरा!"